सकाळ-संध्याकाळ

यांच्या कपाटाच्या खालच्या खणात दूध संस्थेच्या जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा आहे. लांबट, लाल कापडी पाठीची रजिस्टरं. प्रत्येक पानावर तारीख, सभासदाचा नंबर आणि मग 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' असे दोन रकाने. लिटर, फॅट, डिग्री, रक्कम. हे संस्थेचे सेक्रेटरी. पलूस तालुक्यातल्या आमच्या गावात पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सहाला संकलन सुरू होतं, आणि घरात लग्न असो की कुणाचा दहावा, ते चुकत नाही. आता यंत्रातून छापील पावती निघते, पण रजिस्टर यांनी सोडलेलं नाही.

त्या गठ्ठ्यातलं एक रजिस्टर अर्धंच भरलेलं आहे. त्यात सभासदाचा नंबर नाही आणि फॅटचा रकाना कोरा आहे. पहिली ओळ अशी: सकाळ ९५, संध्याकाळ ८०. हे लिटर नाहीत, मिलिलिटर आहेत. माझा डावा स्तन काढल्यावर काखेखाली जी नळी बसवली होती, तिच्यातून येणाऱ्या पाण्याचं ते माप आहे.

काखेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात, लसीकाग्रंथी. त्या काढल्या की त्या पोकळीत पाणी धरतं. ते साचू नये म्हणून कातडीखालून बारीक नळी बाहेर काढतात आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा डबा लावतात. डबा चेपून बंद करायचा, मग तो हळूहळू फुगत पाणी ओढून घेतो. चोवीस तासांत माप ३०च्या खाली आलं की नळी काढायची, असं आम्हाला सांगितलं होतं. घरी सोडताना सिस्टर मला समजावून सांगू लागल्या तेव्हा हे मध्येच म्हणाले, "मला दावा. ते माझं काम हाय."

सकाळचं संकलन उरकून आले की हे कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. डबा मापात ओतायचे, माप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि गुडघ्यावर बसून डोळा रेघेच्या बरोबर आणायचे. उभं राहून वरून बघितलं की माप चुकतं, हे यांचं जुनं सांगणं. "फेस बसू दे," म्हणायचे, सवयीनं. मग खिशातलं पेन काढून आकडा लिहायचे आणि पुन्हा एकदा वाकून बघायचे. पहिले काही दिवस पाणी लाल होतं, मग गुलाबी, मग वाळल्या कडब्याच्या रंगाचं. माझ्याच अंगातून आलेल्या त्या पाण्याची मला किळस यायची. हे मात्र ते दुधाच्याच इमानानं मोजायचे.

नवव्या दिवशी आकडा ४५ वरून एकदम ९० वर गेला. "काल काय उचललंस?" यांनी विचारलं. मी पाण्याची कळशी उचलली होती, डाव्या हातानं, कुणी बघत नाही असं पाहून. सांगावंच लागलं. हे रागावले नाहीत. आकड्यापुढं बारीक अक्षरात 'कळशी' एवढं लिहिलं आणि रजिस्टर मिटलं. त्या दिवसापासून मोरीत भरलेली कळशी मला कधी दिसली नाही. पाणी तांब्या-तांब्यानं भरून ठेवलेलं असायचं.

गाठ मला २०२२च्या गौरीत लागली होती. गौरी जेवणाच्या पहाटे न्हाताना, डाव्या अंगाला वरच्या बाजूला, काखेकडं. चांगली सुपारीएवढी. दुखत नव्हती. घरात पुरणाचा स्वयंपाक, माहेरवाशिणी यायच्या. म्हटलं, गौरी जाऊ देत. मग शाळेच्या चाचण्या आल्या. मग एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, दुखते का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग काळजी नको, या वयात अशा गाठी होतात. गोळ्या दिल्या. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते लगेच मानलं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, हे पोरांना वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या मला माहीत नव्हतं. त्या तीन महिन्यांची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

आजारपणात मी जे काही वाचलं त्यात एक गोष्ट मनात रुतून बसली. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका हातानं तपासायच्या, दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. मॅमोग्राफी नाही, कसलं यंत्र नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू त्यामुळं जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या हातानं! शाळेत पोरांना सोडायला येणाऱ्या आयांना मी हे सांगते. ऐकताना त्यांचा हात नकळत पदराकडं जातो.

यांना मी डिसेंबरात सांगितलं. ऊसतोडी चालू होत्या, रात्रीची जेवणं चालली होती. मी म्हटलं, "अहो, मला छातीत गाठ लागलीय. लई दिवस झाले." यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, उठून हात धुतले, आणि पुसत पुसत म्हणाले, "उद्या मिरजेला जाऊया."

"उद्या बिल वाटायचंय की तुमचं."

"बिल परवा."

आमच्याकडं दर दहा दिवसांनी दुधाचं बिल वाटतात. म्हशीच्या पैशावर ज्यांचा किराणा चालतो त्यांच्यासाठी तो दिवस सणाचा. इतक्या वर्षांत यांनी बिल एक दिवसही पुढं ढकललं नव्हतं. पुराच्या वर्षी, २०१९ ला, निम्मं गाव पाण्यात होतं, तरी यांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून वाटलं होतं. "बिल परवा" हे दोन शब्द ऐकले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

मिरजेत मॅमोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं. तोवर पाहुण्यांमध्ये बातमी फुटली होती. सुई लावू देऊ नका, सुईनं पसरतो, अमुक गावच्या अमक्या बाईचं असंच झालं, असे फोन सुरू झाले. सुईनं कर्करोग पसरत नाही. उलट तो कुठल्या जातीचा आहे, त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे त्या तुकड्याशिवाय ठरतच नाही. पण हे समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. यांनी प्रत्येक फोनला एकच उत्तर दिलं. "टेस्टिंग केल्याबिगर फॅट कळतंय व्हय?" दुधाच्या गावात यापुढं कुणाला बोलता आलं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा तिथले डॉक्टर यांच्याकडं बघून बोलत होते. "यांना मोठं ऑपरेशन लागेल, तुम्ही घरच्यांशी बोलून ठरवा," असं. मी शेजारच्याच खुर्चीत होते. यांनी आपली खुर्ची पायानं मागं सरकवली, इतकी की डॉक्टरांना माझ्याकडं बघणं भाग पडलं. "तिला सांगा," म्हणाले. "मास्तरीण हाय ती. आजार बी तिचा हाय. मला काय कळलं नाही तर ती सांगंल." लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. यांनी माझ्यासाठी साड्या आणल्या, माझ्या आईच्या दुखण्यात रात्री काढल्या, पण त्या खुर्चीच्या पायांचा फरशीवर झालेला आवाज मला त्या सगळ्याहून मोठा वाटतो.

मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जायचं माझं ठरलं. किर्लोस्करवाडीला रात्री महालक्ष्मी धरायची, पहाटे दादर. पुढच्या खेपांना रुग्णालयातून सवलतीचा फॉर्म मिळाला. त्यावर कर्करोगाच्या रुग्णाचं स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याचं पाऊण माफ. तिकिटावर यांच्या नावापुढं 'सोबती' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं छापून आलेली. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. ज्या बाबांनी आयुष्यभर झाडू हातात धरला, त्यांच्या नावाची ती जागा. तिथं परळच्या रुग्णांची आणि त्यांच्याबरोबर आलेल्यांची सोय होते. बिहारची, बंगालची, विदर्भातली माणसं एका ओळीत जेवायला बसतात. आम्हाला जागा मिळाली हे आमचं सुख. परळला रुग्णालयाच्या समोरच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून, सलाईनची पट्टी हाताला तशीच ठेवून झोपलेली माणसं होती. माझी सरकारी नोकरी, बिलं पुढंमागं मंजूर होणार होती. म्हैस विकून आलेल्या बाईशेजारी रांगेत बसताना मला ते फार जाणवायचं.

रांगेत बसून बसून मी यांना त्या दवाखान्याची गोष्ट सांगितली. दोराबजी टाटांची बायको, मेहेरबाई, रक्ताच्या कर्करोगानं गेली. तिच्या पाठोपाठ १९३२ साली तेही गेले. पुढं त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ ला हे रुग्णालय उघडलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढा पैसा हुता, तरी वाचली न्हाई." मला वाटलं होतं त्यांना धीर येईल. त्यांनी त्यातलं तेवढंच ऐकलं. त्या क्षणी मला कळलं की माझ्याइतकेच हेही घाबरलेत, आणि मी आपली दिवसभर यांच्या खांद्याला टेकून बसलेय.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून मला सांगितलं. लहान गाठ असली की पुष्कळदा फक्त गाठ काढून स्तन राखता येतो. पुढं रेडिएशन घेतलं तर आयुष्य तेवढंच मिळतं, हे इटली-अमेरिकेतल्या वीस वीस वर्षांच्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. माझ्या मॅमोग्राफीत मात्र चुन्याच्या कणांसारखे ठिपके स्तनभर विखुरलेले होते, म्हणून माझा पूर्ण काढावा लागणार. मी विचारायचं ते सगळं विचारलं. शेवटी सही केली. ऑपरेशन जानेवारीत झालं. काखेतल्या चौदा गाठी काढल्या, त्यातल्या दोघींत रोग होता.

घरी आल्यावर पट्टी निघाली त्या दिवशी मी यांना बाहेर जा म्हणाले. हे गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी दिवे गेले होते आणि खोलीत खिडकीचा तेवढाच उजेड होता. मीच हाक मारली. म्हटलं, बघून घ्या एकदा, म्हणजे मला रोज लपवायला नको. हे जवळ आले. दुधाच्या मापाकडं बघतात तसे, डोळा बरोबर पातळीत आणून बघत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. तू आहेस तशीच आहेस, मला काही फरक पडत नाही, असलं काही बोलले असते तर मला रडू आलं असतं आणि खरंही वाटलं नसतं. हे म्हणाले, "टाके एका वळीत हायत. कुठं ओढलं न्हाई." आणि मग, "दुखतंय का?" मी म्हटलं, काखेत बधिर आहे, कुणी दुसऱ्याच्या काखेला हात लावावा तसं वाटतंय. यांनी बोटानं हळू हळू कड शोधली. इथं कळतंय? इथं? जिथं कळायला लागलं तिथं थांबले. असं आम्ही बराच वेळ बसलो होतो. दिवे आले तेव्हा मी पदर ओढला नाही.

पुढं मिरजेत केमो. आधी लाल औषधाचे चार डोस, दर २१ दिवसांनी. मग पॅक्लिटॅक्सेलचे बारा, दर आठवड्याला. मग रेडिएशनचे तीन आठवडे. केसांबद्दल मी फार लिहिणार नाही. ते गेले, आणि पुढं आले. बोटांची टोकं बधिर झाली, खडू हातातून निसटायचा, ते अजून थोडं आहे. पण लाल औषधाच्या दिवसांत जे झालं ते सांगायलाच हवं. मला दुधाचा वास सहन होईना. उकळल्या दुधाचा नव्हे, कच्च्या दुधाचा, जो यांच्या अंगाला, कपड्याला, हाताच्या रेषांना कायमचा होता. लग्न होऊन आले तेव्हापासून तो वास म्हणजेच माझं घर होतं. आता हे उंबऱ्यात आले तरी मला ढवळून यायचं. मी सांगितलं नव्हतं. तोंडाला पदर लावून बसायची. दोन दिवसांनी हे आले ते ओल्या डोक्यानं, दुसऱ्या कपड्यांत. डेअरीच्या मागच्या नळावर आंघोळ करायला लागले होते. पहाटेची एक, रात्रीची एक. फेब्रुवारीची थंडी, बोअरचं पाणी. चार डोस संपेपर्यंत हे चालू होतं. अंगाला लाइफबॉयचा वास यायचा.

त्या रजिस्टरात हेही आहे. नळी निघाल्यावर आकडे बदलले: ताप, पांढऱ्या पेशी, किती वाटी पेज पोटात राहिली. एका तारखेपुढं रात्रीच्या रकान्यात १०१ लिहिलंय आणि खाली रेघ. ताप १००.४ च्या वर गेला की पहाटेची वाट बघायची नाही, असं आम्हाला बजावलं होतं. पेशी कमी असताना साधा ताप जिवावर बेततो. यांनी शेजारची जीप काढून मला दीडच्या सुमारास मिरजेला नेलं. पेशी ९०० होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रकान्यात: 'सलाईन. झोपली आहे.'

मला या दिवसांत सगळ्यांत जास्त ऐकायला मिळालेलं वाक्य म्हणजे, "नशीब काढलंस बाई, असा नवरा मिळाला." हे ऐकून मला दर वेळी दोन गोष्टी एकदम वाटायच्या. खरं आहे, असं वाटायचं. आणि रागही यायचा. कारण माझे सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सात वर्षं त्यांचं सगळं केलं, आणि त्यांना कुणी म्हटलं नाही की तुमच्या नवऱ्यानं नशीब काढलं. बाईनं केलं ते कर्तव्य, बाप्यानं केलं की भाग्य. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या लेकानं मला एकदा एक अमेरिकेतला अभ्यास वाचून दाखवला, २००९ चा. गंभीर आजाराचे ५१५ रुग्ण, त्यातले बरेच मेंदूच्या गाठीचे. आजारी नवरा असेल तिथं जोडपं तुटण्याचं प्रमाण २.९ टक्के. आजारी बायको असेल तिथं २०.८. आपल्याकडं कागदावर काही तुटत नाही. धर्मशाळेत माझ्या शेजारच्या खाटेवर मराठवाड्यातली एक जण होती, बरोबर चौदा वर्षांचा मुलगा. नवऱ्याला शेतातून सवड नाही, म्हणाली. पोरगा फाईल छातीशी धरून खिडक्या-खिडक्यांवर हिंदीत विचारत फिरायचा. हे त्याच्या बरोबर जायचे. दोन फायली घेऊन रांगेत उभे राहायचे. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण असल्याचा अंदाज आहे. मला त्या आकड्यात तो पोरगा दिसतो.

पण यांच्या वाट्याला काय आलं, ते मला फार उशिरा समजलं. पारावर, डेअरीवर, एसटीत, जो भेटेल तो यांना विचारायचा, "वहिनी कशा हायत?" दिवसातून वीस वेळा. हे वीस वेळा सांगायचे, "बरी हाय." मीसुद्धा विचारलं नाही. मला वाटायचं, मी विचारलं तर हे ढासळतील, आणि मला यांच्यावर टेकायचं होतं. आमच्या गावात एक म्हातारबुवा आहेत. एकच म्हैस, अर्धा लिटर दूध घालायला यायचे. माझ्या तिसऱ्या डोसनंतर एकदा त्यांनी किटली पुढं करत यांना विचारलं, "शेक्रेटरी, तू जेवतूस का न्हाई?" हे उत्तर द्यायला गेले आणि बोलता येईना. हातातलं माप खाली ठेवून काट्यामागं जाऊन उभे राहिले. मागं दूध घालणाऱ्यांची रांग होती. कुणी काही बोललं नाही, म्हणे. म्हातारबुवांनीच माप घेतलं आणि पुढच्याचं दूध मोजलं. हे मला त्यांच्या कारभारणीनं सांगितलं, दीड वर्षानं, मारुतीच्या देवळात. मी घरी आले आणि यांना ताट वाढलं. समोर बसून राहिले, उठेपर्यंत.

आता माझी रोज रात्री एक गोळी चालू आहे, टॅमॉक्सिफेन, २० मिलिग्रॅम. दर सहा महिन्यांनी तपासणी. डाव्या हातात मी बांगडी घालत नाही, त्या हातातून रक्त काढू देत नाही, बीपीचा पट्टाही नाही. काखेतल्या गाठी नसल्यानं तो हात सुजू शकतो. घरात बीपीचं यंत्र आणलं ते माझ्यासाठीच. गेल्या श्रावणात एका सोमवारी माझं झाल्यावर सहज यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. हे नको नको म्हणत होते, संकलनाची वेळ झालीय म्हणाले. यंत्र फुगलं, थांबलं, पुन्हा फुगलं. १७२/१०४. मला वाटलं पट्टा चुकला. परत लावला. १६८/१०२.

"कधीपासून डोकं दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय कधीमधी."

"कधीपासून?"

हे विचार करत राहिले. मग म्हणाले, "तुझी नळी काढली तवापासनं आसंल."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि यांना घेऊन मिरजेला गेले. दहावा दिवस होता. बिल परवा, मी संस्थेत फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं, आणि पंधरा दिवस रोज दोन वेळा मोजून लिहून ठेवा म्हणाले.

घरी येऊन मी खालचा खण उघडला, ते रजिस्टर काढलं. माझं शेवटचं पान उलटून नव्या पानावर तारीख घातली. हे पलंगावर बसले होते, बाही वर करून, कुणाकडं तरी हात सोपवायची सवय नसलेल्या माणसासारखे अवघडून. मी पट्टा नीट कोपराच्या वर बांधला आणि गुडघ्यावर बसून आकड्यांच्या पातळीत डोळा आणला.

"बोलू नका," म्हटलं. "माप चुकतंय."

सकाळ, १५८/९६.